‘हुद्दा काय टाकू, मॅडम?’ : गंजगोलाईतलं शिक्क्यांचं दुकान

या दुकानाला नाव नाही. लातुरातल्या निम्म्याअधिक प्राध्यापकांच्या पाट्या ज्या माणसानं केल्या, त्याच्या स्वतःच्या दुकानावर पाटी नाही. शटरवर पिवळ्या ऑइलपेंटनं ‘शिक्के, नेमप्लेट, आयकार्ड’ एवढं लिहिलंय, पण शटर वर गेलं की तेही गुंडाळलं जातं. म्हणजे दुकान उघडं असताना वाचायला काहीच नसतं. त्यामुळं नकाशात शोधू नका, सापडणार नाही.

गंजगोलाईला सोळा रस्ते फुटतात, हे लातूरकरांना सांगायला नको. त्यातला नेमका कुठला, हे पाच वेळा जाऊनही मला छातीठोक सांगता येत नाही. कापड लाईन कुठंय ते विचारा, तिथून आत वळलं की डाव्या हाताला चपलांचं एक मोठं दुकान आहे. त्याच्या जिन्याखाली सहा बाय आठची जागा. आत एक संगणक, एक निळ्या उजेडाची पेटी, एक बेसिन आणि शाईनं कायम जांभळी झालेली बोटं असलेले चाचा. गिऱ्हाइकाला बसायला एकच स्टूल. दुसरं कुणी आलं की पहिल्यानं उभं राहायचं, हा तिथला रिवाज.

आता मी शिक्का करायला का गेले ते सांगायला हवं, नाहीतर या दुकानाला मी साडेचार तारे का देतेय ते कळणार नाही.

मी सकाळी बी.एस्सी.च्या पोरांना रसायनशास्त्र शिकवते. तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास घेतले तेवढ्याचेच पैसे; आमच्या भाषेत सीएचबी, ‘क्लॉक अवर बेसिस’. आठवड्याला नऊ तासिका. दुपारी त्याच आवारातल्या कम्युनिटी कॉलेजात अन्नप्रक्रियेच्या पदविकेला शिकवते, तिथं अकरा महिन्यांच्या करारावर. प्राध्यापकीसाठीची सेट ही पात्रता परीक्षा झालीय, पीएच.डी. झालीय, बारा वर्षं झालीत. या बारा वर्षांतली सगळी नेमणूकपत्रं एका प्लॅस्टिकच्या फायलीत आहेत. ‘तासिका अध्यापक’, ‘अभ्यागत व्याख्याता’, ‘कंत्राटी सहायक प्राध्यापक’, ‘प्रशिक्षक’, ‘निदेशक’. एका वर्षी नुसतंच ‘आपणास’. आपणास कळविण्यात येते की, आपली नेमणूक करण्यात येत आहे. कशावर ते टंकायचं राहून गेलं होतं. मी विचारायला गेले तर बाबू म्हणाले, ‘मॅडम, तास तर घ्यायलाव ना तुम्ही, मग?’

कम्युनिटी कॉलेज म्हटलं की लोक सोसायटीच्या हॉलात चालणारा शिवणक्लास समजतात. तसं नाही. युजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, २०१३-१४ मध्ये ही योजना काढली. सहा महिन्यांचं प्रमाणपत्र ३० क्रेडिटचं, वर्षाची पदविका ६० ची, दोन वर्षांची प्रगत पदविका १२० ची. पोरगं मधेच थांबलं तरी हातात काहीतरी कागद पडतो. अभ्यासातला साठ टक्के भाग हातानं करायच्या कामाचा आणि चाळीस टक्के सामान्य शिक्षणाचा. आमच्या वर्गात बारावीला गटांगळ्या खाल्लेली पोरं आहेत, पापड-शेवयांचा बचत गट चालवणाऱ्या दोन बायका आहेत, आणि रात्रपाळी करून येणारा एक दालमिलचा हमालही आहे, जो पहिल्या तासाला झोपतो आणि दुसऱ्या तासाला सगळ्यांत चांगले प्रश्न विचारतो.

तर यातल्या एका पोरीला प्रात्यक्षिकासाठी दालमिलला पाठवलं. रोज काय केलं ते लॉगबुकात लिहायचं, आठवड्याला मी सही करायची, मग मिलच्या मॅनेजरनं करायची. पहिल्याच आठवड्यात पोरगी लॉगबुक परत घेऊन आली. मॅनेजर म्हणाला, ‘ही सही कुणाची? खाली शिक्का कुठंय?’ मी कॉलेजच्या कार्यालयात गेले. शिक्का फक्त कायम लोकांना मिळतो. विभागप्रमुखांचा मारून द्या म्हटलं, तर विभागप्रमुख म्हणाले, ‘तुमच्या कोर्सशी माझा संबंध काय?’ त्यांचंही खरंच होतं. कोर्स कम्युनिटी कॉलेजचा, ते बी.एस्सी.चे.

तेव्हा गेले गंजगोलाईत, पहिल्यांदा. चाचांनी पहिला प्रश्न विचारला, ‘लेटरहेड आणलंव का?’ कॉलेजचं नाव टाकायचं तर कॉलेजचं पत्र लागतं. मी म्हटलं, पत्र मिळालं असतं तर शिक्काच मिळाला असता. ते हसले, पण नाव टाकायला तयार होईनात. मला त्या दिवशी रागच आला. आज मात्र या दुकानाचा हाच पहिला गुण सांगेन. पैसे टाकले की तहसीलदाराचाही शिक्का करून देणारी दुकानं मी पाहिलीत. इथं पत्राशिवाय कुठल्याही संस्थेचं नाव रबरावर चढत नाही. आणि केलेल्या प्रत्येक शिक्क्याचा पहिला ठसा चाचा एका जाड वहीत उमटवून ठेवतात, शेजारी तारीख आणि गिऱ्हाइकाची सही.

‘बरं, कॉलेज राहू द्या. नाव सांगा. आता हुद्दा काय टाकू, मॅडम?’

मला सांगता येईना. खरंच येईना. बारा वर्षं शिकवलेली बाई स्टुलावर बसून नुसती फायलीचं बक्कल उघड-मिट करत होती. चाचांनी शेजारून चहा मागवला. ‘विचार करा. घाई न्हाई. पॉलिमर काय पळून जायलंय व्हय.’ पॉलिमर म्हणजे शिक्क्याचं हल्लीचं रबर.

त्या पहिल्या खेपेला मी शिक्का न करताच परत आले. पण तासभर बसले होते आणि त्या तासात त्यांनी दाखवलेली वही आणि ड्रॉवर यासाठी या दुकानात एकदा जाच. शिक्का नको असेल तर पोरांची आयकार्डं करायला जा.

वह्या तीन पिढ्यांच्या आहेत. आजोबा निजामाच्या काळात पितळी मोहरा कोरायचे. त्यांच्या वहीतला एक ठसा चाचांनी बोट ठेवून वाचून दाखवला: ‘सदर मुदर्रिस’. म्हणजे हेडमास्तर. त्या वेळी शाळा-कचेरीचा कारभार उर्दूत, त्यामुळं माझ्या आजोबांच्या सनदाही उर्दूतच आहेत आणि आमच्या घरात त्या वाचणारं कुणी उरलेलं नाही. वडील खिळे, म्हणजे छापखान्यातली धातूची सुटी अक्षरं, जुळवून रबरी शिक्के करायचे. आता चाचा पॉलिमरवर करतात.

पानं उलटताना मराठवाड्याचा इतिहास उलट्या अक्षरांतून जात होता असं मला वाटलं. ठसा सुलट असतो हे मला कळतं, पण चाचा सगळं उलटंच वाचतात. सवय. १९५८ च्या ऑगस्टात मराठवाडा विद्यापीठ निघालं, त्याआधी आपल्याकडची कॉलेजं हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती. मग १६ ऑगस्ट १९८२ ला लातूर जिल्हा वेगळा झाला. चाचा तेव्हा चौदा वर्षांचे. सगळ्या कचेऱ्यांच्या शिक्क्यांवरचं ‘जि. उस्मानाबाद’ जाऊन ‘जि. लातूर’ आलं, तेव्हा त्यांनी वडिलांच्या हाताखाली रात्र-रात्र खिळे लावले. पुढं १९९४. त्या साली जानेवारीत विद्यापीठाचा नामविस्तार झाला आणि सप्टेंबरात नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघून लातूर तिकडं जोडलं गेलं. ‘काही काही कॉलेजांनी एकाच साली दोनदा शिक्के केले,’ चाचा सांगतात. नांदेड विद्यापीठाचं नाव गोल शिक्क्यात बसवणं हे त्यांच्या मते या धंद्यातलं सगळ्यांत अवघड काम. ‘संलग्नित’ हा शब्द घातला की अक्षरं मुंगीएवढी होतात. २०२३ ला धाराशिव आणि छत्रपती संभाजीनगर झालं, तेव्हाही धंदा झाला, पण तोवर संगणक आला होता, त्यामुळं त्यात मजा नव्हती म्हणे.

पण मला जे बघायचं होतं ते ड्रॉवरमध्ये होतं. नवीन शिक्का करायला येणारे लोक जुना इथंच टाकून जातात, दांडा परत वापरता येतो म्हणून चाचा दहा-वीस रुपये कमी करतात. त्या ड्रॉवरमध्ये मूठभर शिक्के ‘अधिव्याख्याता’चे निघाले. तीन ‘प्रपाठक’. सहाव्या वेतन आयोगानंतर, २०१० च्या युजीसीच्या विनियमांत लेक्चररचा असिस्टंट प्रोफेसर झाला आणि रीडरचा असोसिएट प्रोफेसर. म्हणजे मराठीत अधिव्याख्यात्याचा सहायक प्राध्यापक झाला आणि प्रपाठक सहयोगी प्राध्यापक झाले. माणसं तीच, टेबलं तीच, खडूही तेच. ‘त्या वर्षी सगळे सर लोक खूश होते,’ चाचा म्हणाले. ‘कामून की अधिव्याख्याता कुणाच्या सासऱ्याला म्हणता येत नव्हतं. प्राध्यापक म्हणता येतं.’

इथं एक भांडण सांगितल्याशिवाय राहवत नाही. सहायक, सहाय्यक की साहाय्यक? चाचांनी हा प्रश्न दुकानात आलेल्या प्रत्येक मराठीच्या प्राध्यापकाला विचारलाय. एक म्हणाले, ‘सहाय’ पासून सहायक, हेच बरोबर. दुसरे म्हणाले, ‘साहाय्य’ करणारा तो साहाय्यक, हेच बरोबर. व्याकरणानं बघितलं तर दोघंही बरोबर. पण गिऱ्हाईक येतं ते ‘सहाय्यक’ लिहिलेला कागद घेऊन, जे या दोन्हींत बसत नाही आणि सगळीकडं छापलेलं असतं. चाचांचा नियम असा: गिऱ्हाइकाच्या कागदावर जे असेल तेच, पण आधी एकदा विचारायचं. ‘विचारल्यावर लोकं चिडतात,’ म्हणाले, ‘पण शिक्का झाल्यावर चिडण्यापेक्षा आधी चिडलेलं बरं.’ प्रूफ कागदावर काढून हातात देतात आणि मोठ्यानं वाचायला लावतात. लाज वाटते, पण वाचा. माझ्या आडनावातली वेलांटी अशीच सापडली.

आणि ‘प्रा.’बद्दल तर बोलायलाच नको. आपल्याकडं ज्युनिअर कॉलेजचा मास्तर प्रा., सीनिअरचा प्रा., ट्यूशन एरियातला फिजिक्सवाला प्रा., पीएच.डी. झाली की प्रा. डॉ., आणि बाई असली तर प्रा. डॉ. सौ. एका मॅडमना चाचांनी हिशेब करून दाखवला होता: पन्नास मिलिमीटरच्या ओळीत तीन उपाध्या घातल्या तर नाव दुसऱ्या ओळीत जातं. मॅडमनी ‘सौ.’ काढलं, पुढच्या आठवड्यात घरून बोलणं खाऊन परत आल्या आणि ‘प्रा.’ काढून ‘सौ.’ घातलं. ट्यूशनवाल्यांचा मात्र प्रश्नच नाही. त्यांच्या पाट्या चार बाय तीन फुटांच्या, त्यावर हात बांधून उभा असलेला फोटो, आणि नाव फक्त ‘अमुक सर’. आडनावसुद्धा नाही. लातुरात सगळ्यांत मोठी ओळख त्यांची आणि हुद्द्याची ओळच नाही. हे मी हेव्यानं लिहितेय, मान्य आहे.

दुसऱ्या खेपेला गेले ते शिक्क्यासाठी नव्हतं. आमच्या मिस्त्रींसाठी गेले.

पदविकेचा हाताच्या कामाचा भाग शिकवायला उद्योगातली माणसं बोलवायची असतात. आमच्याकडं बुधवारी एक मिस्त्री येतात, दालमिलमध्ये तीस वर्षं काढलेले. पहिल्या बुधवारी मी वर्गात मागं बसले होते, म्हटलं बघू काय शिकवतात. त्यांनी तुरीचा दाणा रोलरवर कसा ओरबाडून घ्यायचा, मग त्याला तेलाचा हात कसा द्यायचा, ढीग लावून रात्रभर कसा मुरवायचा, मग उन्हात किती पातळ पसरायचा, हे सगळं खडू न वापरता सांगितलं. मूठभर तूर सोबत आणली होती. एक दाणा दाताखाली धरला, कट् केलं. ‘अजून ओल हाय. दहाच्या वर हाय. एक ऊन अजून द्या.’ मला राहवलं नाही. त्यातलेच दाणे भरडून १०५ अंशाच्या ओव्हनमध्ये घातले, वजन स्थिर होईस्तोवर तोलत बसले. आलं १०.८ टक्के. पुढच्या बुधवारी वर्गाला दोन्ही दाखवलं, आधी दात आणि मग ओव्हन. त्या दिवशी रात्रपाळीवालाही झोपला नाही.

कार्यालयानं या मिस्त्रींना आयकार्ड दिलं, त्यावर हुद्दा ‘साधन व्यक्ती’. त्यांनी ते माझ्या टेबलावर ठेवलं. ‘मॅडम, साधन म्हंजे पाना न् पकड. मी पाना हाव का?’

चाचांकडं घेऊन गेले. चाचांनी विचारलं, काय लिहू? मिस्त्री म्हणाले, ‘मिस्त्री.’ मी म्हटलं, अहो, शिक्षक लिहू, प्रशिक्षक लिहू. ते म्हणाले, ‘नगं. मिलमध्ये पोरं हसतील. मिस्त्री लिवा, मोठ्या अक्षरात.’ चाचांना आनंद झाला. ‘हे बरंय. मिस्त्री लिहायला कुणाचं लेटरहेड लागत न्हाई.’ पीव्हीसी कार्ड, फोटोसकट साठ रुपये, दहा मिनिटांत हातात. छपाई झकास, फोटोतले गालसुद्धा गोरे केले नाहीत. बाकीचे आयकार्डवाले सगळ्यांना पिठात लोळवून काढल्यासारखे करतात. दोरीचा क्लिप मात्र तकलादू, महिन्यात तुटला. दोरी दुसरीकडून घ्या.

तेवढ्यात मी सहज तो ड्रॉवर पुन्हा उघडला आणि त्यात मला मीच सापडले.

झालं असं होतं की, मागच्या वर्षी कॉलेजला नॅकची, म्हणजे कॉलेजांचा दर्जा तपासून श्रेणी देणाऱ्या संस्थेची, टीम आली होती. दोन दिवस. त्याआधी महिनाभर भिंती रंगवणं, कुंड्या, फायली हे सगळं रीतसर झालं. शेवटच्या दिवशी प्रत्येकाला छातीवर लावायचा नावाचा बिल्ला मिळाला, मागं लोहचुंबकाचा. आम्हा तासिकावाल्यांनाही. माझ्या बिल्ल्यावर नाव आणि खाली ‘सहायक प्राध्यापक, रसायनशास्त्र’. कंस नाही, तासिका नाही, काही नाही. मी तो दोन दिवस लावला. घरी जाताना काढायचा विसरले आणि रिक्षावाल्यानं पहिल्यांदा ‘मॅडम, कुठल्या कॉलेजला?’ असं अदबीनं विचारलं. टीम गेली त्याच संध्याकाळी शिपाई बिस्किटाचा पत्र्याचा डबा घेऊन आला. ‘मॅडम, बिल्ले जमा करायचेत. तासिकावाल्यांचे फक्त.’ मी टाकला डब्यात. बाकी सगळ्यांनीही टाकले. कुणी काही बोललं नाही, एकानं फक्त डब्यात अजून बिस्किटं आहेत का ते बघितलं.

ते बिल्ले चुंबकाच्या किमतीला चाचांकडं परत आले होते. चुंबक महाग असतं, प्लॅस्टिकची पट्टी स्वस्त. पट्टी सोलून दुसरं नाव लावायचं. माझी अजून सोलायची राहिली होती.

चाचांनी माझ्याकडं बघितलं, बिल्ल्याकडं बघितलं. ‘तुमचाच?’ मी मान हलवली. ‘न्या की मग. चुंबकाचे तीस रुपये होतील.’ मी दिले तीस रुपये. घासाघीस केली नाही.

ही गोष्ट मी माझ्या एम.एस्सी.च्या मैत्रिणीला फोनवर सांगितली. ती टेक्सासात कम्युनिटी कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. तिकडं ही कॉलेजं जुनी, पहिलं १९०१ मध्ये इलिनॉयमधल्या जोलिएटला निघालं. संशोधन कमी आणि शिकवणं जास्त, हेच त्यांचं काम. मला वाटलं ती म्हणेल, आमच्याकडं असं नाही. ती म्हणाली, आमच्याकडंही कम्युनिटी कॉलेजात शिकवणाऱ्यांतले दोन तृतीयांशच्या आसपास अर्धवेळच असतात, मीही त्यातलीच, ‘अ‍ॅडजंक्ट’. दोन गावांतल्या दोन कॉलेजांत शिकवते, दोन्हीकडची आयकार्डं गाडीच्या आरशाला लटकवून ठेवते आणि उतरताना चुकीचं घालून जाते. कॅलिफोर्नियात अशा लोकांना ‘फ्रीवे फ्लायर’ म्हणतात, म्हणे. चाचांना हे सांगितलं तर त्यांनी एवढंच विचारलं, ‘अ‍ॅडजंक्ट म्हंजे काय?’ जोडलेला, म्हटलं. ‘हां, जोडाक्षरासारखं,’ ते म्हणाले, आणि कामाला लागले. त्यांच्या धंद्यात जोडाक्षर म्हणजे डोकेदुखी. पुढं येतेच त्यावर.

तिसऱ्या खेपेला शिक्का केला.

मी घरून कागदावर लिहूनच नेलं होतं: ‘सहायक प्राध्यापक (तासिका तत्त्वावर) तथा प्रशिक्षक, कम्युनिटी कॉलेज’. खरं ते सगळं. चाचांनी संगणकावर टाकलं, अक्षरं लहान-लहान करत गेले, शेवटी चष्मा काढला. ‘बसत न्हाई. आणि कंसालाबी जागा लागते मॅडम, कंस फुकट न्हाई.’ मी म्हटलं, मग कंस काढा. कंस काढला तर ते खोटं होतं. तासिका ठेवून प्राध्यापक काढलं तर पोरं हसतील. आम्ही बराच वेळ असे शब्द काढत-घालत बसलो. मागं एक वकील उभे होते, त्यांनी तर सुचवलं की ‘मानद’ टाका, मानधन तसंही मिळत नाही.

मग चाचांनी कीबोर्ड बाजूला सारला. ‘हुद्दा राहू द्या. पेशा सांगा.’

‘शिकवते.’

‘रोज?’

‘रोज.’

‘मग अध्यापक. चार अक्षरं. कुणाचं पत्र लागत न्हाई.’

त्याखाली ‘रसायनशास्त्र व अन्नप्रक्रिया’ टाकलं, कारण लॉगबुक अन्नप्रक्रियेचं आणि मी रसायनशास्त्राची. नावाआधी ‘डॉ.’ ठेवलं. ते माझं मी मिळवलंय, अकरा महिन्यांनी संपत नाही. ‘प्रा.’ नको म्हटलं. तीन ओळी, पन्नास मिलिमीटरात ऐसपैस बसल्या.

शिक्का कसा होतो ते बघायला मिळतं, हा या दुकानाचा आणखी एक फायदा. अक्षरं फिल्मवर काळ्यावर पांढरी छापून काढतात. फिल्म काचेवर, त्यावर मधासारखं घट्ट पॉलिमर ओततात, बुडबुडे सुईनं फोडतात, वरून दुसरी काच, मग ती निळ्या उजेडाची पेटी. जिथं उजेड लागला ते कडक होतं, जिथं नाही ते ओलं राहतं. नंतर बेसिनमध्ये साबणाच्या पाण्यात ब्रशनं धुतलं की ओलं सगळं वाहून जातं आणि अक्षरं उभी राहतात. मी रसायनशास्त्र शिकवते, बहुवारिकीकरण, म्हणजे पॉलिमर तयार होणं, वर्गात फळ्यावर कितीदा काढलंय, पण स्वतःचं नाव त्यातून बाहेर येताना पहिल्यांदा बघितलं. पुढच्या वर्षी बी.एस्सी.च्या पोरांना इथं घेऊन यायचा विचार आहे. स्टूल मात्र एकच आहे.

लाकडी दांड्याचा साधा शिक्का १२० रुपये, स्टँप पॅड वेगळं. आपोआप शाई घेणारा ३५०. मी ३५० वाला घेतला, कारण माझ्याकडं पॅड ठेवायला कपाट नाही, तासिकावाल्यांना कपाट मिळत नाही. तो पर्समध्ये मावतो. एकदा पर्समध्ये उघडला आणि जेवणाच्या डब्याच्या झाकणावर उमटला. सासूबाईंनी तो डबा महिनाभर तसाच ठेवला, घासला नाही.

आता तक्रारी. एक, चाचांचं ‘उद्या’ म्हणजे परवा, आणि ‘संध्याकाळी’ म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी. घाई असेल तर समोर बसून करून घ्या. दोन, मराठी फाँट दोनच. श्रीलिपी या मराठी अक्षरांच्या सॉफ्टवेअरमधले ते दोन सोडून तिसरं अक्षर मागितलं की ऐकू न आल्यासारखं करतात. तीन, कॉलेजच्या नावानं बिल हवं असेल तर हातानं लिहून देतात आणि कार्यालयं ते नाकारतात. आणि चार, ज्यासाठी मी अर्धा तारा कापलाय: जोडाक्षरांत शाई भरते. ‘ध्या’चा पोटातला डोळा दुसऱ्या-तिसऱ्या ठशाला बुजतो आणि ‘अध्यापक’ ऐवजी मधे नुसता जांभळा ठिपका दिसतो. मी परत घेऊन गेले. चाचांनी दाढीच्या जुन्या ब्रशनं घासून दिलं, पैसे घेतले नाहीत, आणि आठवड्यातून एकदा ओल्या ब्रशनं घासत जा म्हणाले. तरी भरतेच. हा रबराचा दोष की अक्षराचा, यावर त्यांचं आणि माझं एकमत झालेलं नाही.

शिक्क्याचा उपयोग झाला का? झाला. पोरगी लॉगबुक घेऊन मिलमध्ये गेली, मॅनेजरनं उघडलं, शिक्का आहे एवढं बघितलं आणि खाली सही ठोकली. काय लिहिलंय ते वाचलं नाही. पोरीनंच मला सांगितलं. मला जरा वाईट वाटलं, एवढा विचार करून शब्द निवडला होता. पण वाचलं ते दुसऱ्याच कुणीतरी. बचत गटातली एक बाई परवा लॉगबुक पुढं करताना म्हणाली, ‘मॅडम, अध्यापक म्हंजे तुम्ही आमच्याच का? सकाळच्या पोरांच्या बी?’ दोघांच्या, म्हटलं. ‘मग ठीक हाय,’ म्हणाली, आणि शिक्का जिथं मारायचा ती जागा पदरानं पुसून दिली.

दुकान सकाळी साडेदहाला उघडतं, शुक्रवारी दुपारी एक ते अडीच बंद. फोनवरून पैसे घेतात. गाडी गोलाईत आणू नका, लावायला जागा नाही. आणि हुद्दा ठरत नसेल तर चालू वही मागून घ्या आणि फेब्रुवारीची पानं काढा. माझा ठसा तिथंच आहे, पहिलाच असल्यामुळं ‘ध्या’ स्वच्छ उठलाय. त्याच्या खाली मिस्त्रींनी हौसेनं करून घेतलेला आहे, गोल, मधे नुसतं ‘मिस्त्री’.